शिक्का वाचता येईल ती बाजू

४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, पण आधी तारखेचं. तुझ्या पत्रावर तू '३० फेब्रुवारी' लिहिलं आहेस. फेब्रुवारीला तीस तारीख तुझ्यासाठी कुणी काढली? पत्रात आणखी सहा चुका होत्या, त्या लाल पेन्सिलने दुरुस्त करून पत्र सोबत परत पाठवते आहे. फोनवर तू नुसता हो हो म्हणतोस, पत्रात सापडतोस, म्हणून मला पत्रच बरं वाटतं.

आता माझं गाऱ्हाणं. आमच्या कारखान्यात आठ महिन्यांपूर्वी नवे साहेब आले. माणूस नम्र आहे. म्हणजे किती, तर पहिल्या दिवशी त्यांनी केबिनच्या दारावरची नावाची पाटी काढायला लावली, दुसऱ्या दिवशी दार काढायला लावलं, आणि तिसऱ्या दिवशी दार काढणाऱ्या मिस्त्रीला विनाकारण त्रास दिला म्हणून त्याची माफी मागायला त्याच्या घरी गेले. मिस्त्री घरी नव्हता, तर त्याच्या बायकोची मागितली. ती बिचारी अजून नवऱ्याला विचारते आहे की तू नक्की काय करून ठेवलंस.

दर सोमवारी सकाळी नऊला आमची सभा असते. तिचं नावच 'माझं चुकलं'. साहेब आधी आपली एक चूक सांगतात, मग ज्याला वाटेल त्याने सांगायची. सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. काचेच्या नळ्या भरणाऱ्यांनी कबूल केलं की त्यांच्याकडे दोन वर्षं नळ्या गळतात आणि भीतीपोटी कुणी बोलत नव्हतं. आठवड्यात ते काम सुधारलं. पण मग लोकांना चटक लागली. ज्याची चूक मोठी त्याला टाळ्या जास्त. लेथवाल्याने अकरा वर्षांपूर्वीची एक चूक सांगितली, तर मागून रंगकामवाला उठला आणि म्हणाला, "ती माझी चूक आहे, मला परत दे." दोघांना सोडवायला चार माणसं लागली.

आणि मी बसते कोपऱ्यात. फळी, फरशी सरळ बसली की नाही हे दाखवणाऱ्या पाणसळी मी सव्वीस वर्षं तपासते आहे. दगडी टेबलावर ठेवायची, काचेच्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधे आहे का बघायचं, मग उलटी फिरवून पुन्हा बघायचं, आणि नंतरच माझा शिक्का. सव्वीस वर्षांत माझ्या शिक्क्याची एकही पाणसळ परत आलेली नाही. पूर्वी लोक हे कौतुकाने सांगायचे. आता मला काही दुखणं असल्यासारखे हळू आवाजात विचारतात, "अजून एकही नाही?"

जूनअखेर आमचे मुख्य तपासनीस निवृत्त होतात. ती जागा माझी, हे दहा वर्षं सगळे धरून चालले होते. आता साहेब म्हणतात, त्या जागेवर चूक म्हणजे काय हे आतून माहीत असलेलं माणूस हवं. माझ्या हाताखालच्या चष्मेवाल्याच्या नावावर एक्केचाळीस चुका आहेत. माझ्या नावावर शून्य. मला ती जागा हवी आहे, धाकट्या. दुसरं काही मी या कारखान्याकडे कधी मागितलेलं नाही.

तेव्हा तुझ्याकडच्या एकदोन चुका पाठव. चांगल्या पाहून. तुझ्याकडे तोटा नाही.

ताई

११ मार्च

ताई,

नमस्कार. आज अकरा मार्च आहे. कॅलेंडर समोर ठेवून लिहितो आहे.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, पोतंभर पाठवा. त्यातल्या निवडक देतो. एका बाईंच्या खोलीत मी मोठं कपाट आतल्या आत जोडलं. फार सुरेख झालं. त्यांनी घर बदलायचं ठरवलं तेव्हा कळलं की ते दारातून निघत नाही. कपाटापायी त्यांनी घर बदलणंच रद्द केलं. दुसरी म्हणजे, एका दवाखान्यात तपासणीच्या खोलीला कडी बाहेरून लावली. डॉक्टर सव्वा तास आत अडकले. बाहेरच्या रांगेतल्या दोघांना तोवर बरं वाटलं आणि ते घरी गेले. यातली कुठली हवी ती घे, मला परत नको.

तुझे साहेब मात्र मला दे. आमच्या मालकांचं आजवर एकदाही चुकलेलं नाही, कारण तसं म्हणणारा माणूस दुकानात टिकत नाही. मागच्या महिन्यात त्यांनी माप उलट्या टोकाने वाचलं आणि जेवणाचं टेबल गुडघ्याएवढं झालं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं. मालकांनी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही उंच बसता." तो आता घरी जमिनीवर बसून जेवतो, आणि बरं वाटतं म्हणतो.

एक चांगली बातमी आहे. औषधांच्या दुकानात भिंतभर फळ्या लावायचं काम मालकांनी माझ्या एकट्याच्या हाती दिलं आहे. चार चार मीटरच्या बारा फळ्या. "चुकलास तर चालायला लाग," असंही म्हणाले. माझी जुनी पाणसळ पडून फुटली. तुमच्याकडची एक मिळाली तर हात भक्कम होईल.

धाकटा

२० मार्च

धाकट्या,

तारीख बरोबर होती. बाकी चार चुका, पत्र सोबत आहे.

तुझं कपाट मी सोमवारी माझं म्हणून सांगितलं. सगळे ऐकत होते. मग चष्मेवाल्याने विचारलं, "पण तुम्ही तर पाणसळी तपासता, कपाट कुठून आलं?" मी म्हटलं, हौस म्हणून करते. त्यावर साहेबांचे डोळे भरून आले. म्हणाले, "आठ महिने झाले आणि तुम्हाला सुतारकामाची हौस आहे हे मला माहीत नाही. माझं चुकलं." सगळ्या टाळ्या त्यांच्या चुकीला गेल्या. वर आता त्यांनी माझ्यासाठी एक रंधा मागवला आहे.

म्हणून मी ठरवलं आहे की चूक आपली आपणच करायची. टाकाऊ मालातून मी एक पाणसळ उचलली. मीटरला चांगली एक सेंटिमीटर खोटी आहे, लांबून दिसावी अशी. तिच्यावर माझा शिक्का मारला. पहिल्या दोन वेळा शाई लावायलाच विसरले. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी साहेब त्या जागेचा विचार करणार आहेत. तोवर ती कागदात गुंडाळून माझ्या कपाटात राहील, त्या दिवशी काढेन आणि म्हणेन, बघा, हे माझ्या हातून सुटलं. कपाटातून ती बाहेरच जात नाही, म्हणजे कुणाचं नुकसान नाही.

तुझ्यासाठी एक चांगली निवडली आहे. चारदा तपासली. पॅकिंगवाल्या मावशींनी दोन्ही एकाच तपकिरी कागदात नीट बांधून दिल्या, तुझी उद्या पोस्टात टाकते. पहिलं स्वतंत्र काम आहे, हसं करून घेऊ नकोस.

ताई

९ एप्रिल

ताई,

नमस्कार. पाणसळ मिळाली. तुझा शिक्का पाहून ऊर भरून आला. दुकानात सगळ्यांना दाखवला, मालकांनी सुद्धा हात लावून पाहिला.

आठ फळ्या झाल्या. काम ठीक चाललं आहे. दुकानदार म्हणतो की रात्री उजवीकडे ठेवलेल्या गोळ्यांच्या बाटल्या सकाळी डावीकडे असतात. मी म्हटलं, झाडणारी बाई सरकवत असेल. पाणसळ उत्तम आहे. तुला एक विचारायचं होतं, पण जाऊ दे, महत्त्वाचं नाही.

तू बरी आहेस ना? तुझ्या त्या चुकीचं काय झालं?

धाकटा

२२ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र मिळताच ती पाणसळ बाजूला ठेव. एकही फळी आणखी लावू नकोस. काल फोनवर सांगितलं तेव्हा तू नुसता हो हो म्हणालास, म्हणून लिहून कळवते. आधी हे, मग बाकीचं.

काल सोमवार होता. मी सभेत उभी राहिले. म्हटलं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून खोटी पाणसळ पास झाली. सगळा कारखाना पुढे सरकून बसला. पॅकिंगवाल्या मावशींनी पदर डोळ्यांना लावला. साहेबांनी कागद सोडला, पाणसळ टेबलावर ठेवली, आणि बुडबुडा बरोबर मधोमध. त्यांनी ती फिरवली. मधोमध. चष्मेवाल्याने चष्मा पुसून पाहिली. मधोमध. मग एकेक जण येऊन बघून गेला, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

लोक आता म्हणतात की बाई इतक्या गर्विष्ठ आहेत की यांना चूक सुद्धा निर्दोषच लागते. पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण माझ्या डोक्यात एकच विचार होता. कपाटातली चांगली निघाली, म्हणजे खोटी तुझ्याकडे आहे. मी पार्सलं बदलली. चारदा तपासली आणि उचलताना न बघता उचलली.

फळ्यांचं काय झालं ते खरं कळव.

ताई

२९ एप्रिल

ताई,

आता लपवून उपयोग नाही. बाराही फळ्या लागल्या होत्या, सगळ्या डावीकडे कललेल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार सेंटिमीटरचा फरक. शेवटची फळी लावली त्या दिवशी खोकल्याच्या औषधाची अख्खी ओळ हळूहळू चालत गेली आणि कडेवरून एकेक करून खाली उतरली. दुकानदाराने मालकांना बोलावलं. मी मनात सामानाची पिशवी भरून ठेवली होती.

मालक आले, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. मग म्हणाले, "फळ्या माझ्या दुकानाच्या आहेत, म्हणजे सरळ आहेत. इमारत वाकडी आहे." आणि मला हुकूम केला की बाकी सगळं फळ्यांच्या मापाने घे. तुझीच पाणसळ लावून मी काउंटर कलता केला, दिव्यांची पट्टी कलती केली, बाहेरची पाटी कलती केली. आता आत उभं राहिलं की फळ्या अगदी सरळ दिसतात, फक्त माणसं वाकडी वाटतात. दुकानदार एक खांदा खाली टाकून चालायला लागला आहे. गिऱ्हाइकं मान तिरकी करून औषध मागतात, आणि काही जण मानेचंच औषध मागतात.

पण खरी गोष्ट ही नाही, ताई. पाणसळ खोटी आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पहिली फळी लावली, बुडबुडा मधे आणला, मग तू लहानपणी शिकवलंस तशी फिरवून पाहिली. बुडबुडा कडेला पळाला. पुन्हा फिरवली, पुन्हा मधे. पंधरा मिनिटं मी तेच करत होतो. तुझ्या कपाटातली खोटी आठवली, पण मग वाटलं, पार्सल उचलताना ताईचं चुकणार नाही, माझाच हात वाकडा असेल. तुझा शिक्का एकाच बाजूला आहे. तो वाचता येईल अशी धरली की बुडबुडा मधे येत होता. म्हणून मी तीच बाजू खरी धरली.

मागच्या पत्रात विचारणार होतो. दोन ओळी लिहिल्या सुद्धा होत्या, मग ते पान फाडलं. तू लाल पेन्सिलने गोल करशील असं वाटलं.

धाकटा

६ मे

धाकट्या,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचता आलं नाही.

ते घेऊन मी साहेबांकडे गेले. दार नाही, म्हणून चौकटीवर टकटक केली. सगळं सांगितलं. जागेसाठी खोटा शिक्का मारला, ती पाणसळ भावाला गेली, एक दुकान वाकडं झालं. राजीनाम्याचा कागद सोबत नेला होता. साहेबांनी तो बाजूला ठेवला आणि तुझं पत्र मागितलं. वाचून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तुमच्या भावाला पहिल्या दिवशी दिसलं होतं. मग त्याने तुम्हाला का सांगितलं नाही?"

कारण मी आहे, हे मी त्यांना सांगितलं. तू पहिलीत असल्यापासून मी तुझं बरोबर असलेलं कधी दाखवलंच नाही. चुकलेलं तेवढं लाल केलं. तुझा डोळा खरं सांगत होता आणि तू माझ्या शिक्क्यावर विश्वास ठेवलास. ही चूक माझी आहे, ती सव्वीस वर्षांहून जुनी आहे, आणि सोमवारी उठून टाळ्या घेण्यासारखी नाही.

साहेबांनी पत्राची नीट घडी घातली. मग म्हणाले, "आणि तुमच्यासारख्या बाईला खोटी चूक करावी लागली, तरी ही सभा कशी आहे हे मला कुणी सांगितलं नाही. तुम्हाला ती कशी वाटते?" मी म्हटलं, "वैताग आहे. लोक चुका सुधारायचं सोडून जमवत बसलेत. तुमच्यापुढे उभं राहून 'माझं बरोबर आहे' म्हणायची सोय उरलेली नाही." ते लगेच माफी मागायला निघाले होते, मग थांबले आणि फक्त "बरं" म्हणाले. दहा महिन्यांत मला ते पहिल्यांदा साहेब वाटले.

सभा बंद झाली. येत्या शनिवारी साहेब आणि मी तिकडे येतो आहोत. चांगली पाणसळ आणतो, फळ्यांवरच्या बाटल्या तू उतरवून ठेव. साहेब म्हणाले, कारखान्याचा माल आहे, मलाही यायला हवं.

ताई

२० मे

ताई,

शनिवारी तू स्क्रू आणायला कोपऱ्यावर गेलीस तेव्हाचं तुला माहीत नाही, ते सांगतो. तुझे साहेब सगळ्यात खालच्या फळीपाशी गुडघ्यांवर बसले होते. मालक आले आणि त्यांना वाटलं, नवा हमाल आहे. "ए, त्या फळीला कुणी हात लावायला सांगितलं?" साहेब म्हणाले, "माझं चुकलं." मालक म्हणाले, "आणि पेचकस असा धरतात?" साहेब म्हणाले, "हेही चुकलं. कसा धरू?" मालक दाखवायला वाकले. भांडायला समोर कुणी नाही म्हटल्यावर त्यांचा जोरच गेला. अर्ध्या तासाने मालक स्वतः पोटावर झोपून स्क्रू पिळत होते आणि साहेब त्यांना शेजारून एकेक स्क्रू देत होते. पंधरा वर्षांत मालकांनी स्क्रूला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

तुम्ही गेल्यावर दुकानदाराने सांगितलं की हा माणूस तीनशे जणांचा साहेब आहे. मालक खुर्चीत बसले ते बसलेच. मंगळवारी एक दार दाखवून मला म्हणाले, "याचं काय करावं? तुला काय वाटतं?" मी मागे वळून पाहिलं, कुणाला विचारतात म्हणून. नोकरी राहिली आहे. फळ्यांबद्दल ते एवढंच म्हणाले की इमारत सुधारलेली दिसते.

फळ्या सरळ झाल्या, पण काउंटर, दिवे आणि पाटी अजून कलतीच होती, त्यामुळे दुकानदाराला आठवडाभर चक्कर येत होती. काल तेही सरळ केलं. तो अजून खांदा टाकूनच चालतो, पण तो त्याचा प्रश्न.

आणखी एक. पहिली फळी काढताना तू खोटी पाणसळ फिरवून पाहिलीस आणि म्हणालीस, "तुला बरोबर दिसलं होतं." घरी येऊन मी हिला ते तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ही म्हणाली, कळलं आता.

धाकटा

३१ जून

धाकट्या,

तुझं मागचं पत्र परत पाठवत नाही. त्यात तीन चुका होत्या, मला दिसल्या, पण पत्र ठेवून घेतलं.

ती जागा चष्मेवाल्याला मिळाली. जाणूनबुजून खोटा शिक्का मारला, त्यामुळे मला ती मिळणार नव्हती, आणि साहेबांनी ते गोड बोलून नाही, सरळ समोर बसवून सांगितलं. माझंही तेच मत होतं, तरी वाईट वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी चष्मेवाला माझ्या टेबलाशी आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, एक्केचाळीसपैकी एकोणचाळीस चुका त्याच्या मेहुण्याच्या होत्या. आम्ही दोघं इतके हसलो की मावशी पाणी घेऊन आल्या.

मग मी त्याला दोन गोष्टी सुचवल्या आणि त्याने साहेबांना न विचारता मान्य केल्या. आता शिक्का पाणसळीच्या दोन्ही बाजूंना मारायचा, म्हणजे वाचता येते ती बाजू खरी असं कुणाला वाटणार नाही. आणि प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी घालायची. चिठ्ठी मी लिहिली आहे. "पाणसळ फिरवून पाहा. बुडबुडा हलला तर तुमचा हात वाकडा नाही, आमचं चुकलं आहे. लगेच कळवा." पहिली चिठ्ठी तुला पाठवते आहे.

तुझ्या हातची एक फळी माझ्या तपासणीच्या टेबलावर हवी आहे. सवडीने पाठव.

ताई

५ जुलै

ताई,

पत्र आत्ता आलं. चहा घेतलेला नाही, चपला पायातच आहेत, आधी हे लिहितो.

जूनला एकतीस तारीख तुझ्यासाठी कुणी काढली?

मुद्दाम केलंस की खरंच चुकलीस ते मी विचारणार नाही. कॅलेंडर पाहिलं, एकदाच पाहिलं, आणि लिहायला बसलो. तुझं पत्र सोबत परत पाठवतो आहे. लाल पेन्सिल घरात नव्हती, म्हणून सुतारकामाची घेतली आणि तारखेभोवती गोल केला. आयुष्यात पहिल्यांदाच करत होतो, त्यामुळे जरा वाकडा आला आहे. तेवढा चालवून घे. फळीचं माप पाठव.

धाकटा